आजोबांचा हात वर झाला की

तुम्ही दोघं पुण्यात क्रिकेट खेळता, म्हणून ही तुमची आजी तुमच्याच भाषेत सांगते. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो. पूर्वी त्याला हवा तितका वेळ तिथे उभं राहता येत असे. तो टोपी सारखी करी, बूट मातीत घासे, हातातला चेंडू फिरवून फिरवून बघे. समोरचा बॅटर हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधी. कुणालाच कुठे जायचं नसे. एखाद्या ढगाची सावली गवतावरून हळूहळू चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाई, आणि तेवढ्यात एकही चेंडू पडलेला नसे.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या घरापासून मैदान वीस मिनिटांवर आहे. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी आजोबा आणि मी तिथे जातो. जागा ठरलेली, तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या थांब्याच्या बाजूची, जिथे चार वाजता सावली येते. आजोबांच्या हातात खाऱ्या शेंगांची पिशवी, माझ्या मांडीवर स्कोअरची वही. प्रत्येक चेंडू मी पेन्सिलीने टिपून ठेवते. टरफलांसाठी घरून कागदी पिशवीही नेते. इथे सगळे जण टरफलं खुशाल पायाशी टाकतात, मला ते इतक्या वर्षांत जमलं नाही.

मग आजोबांना स्ट्रोक आला. हातपाय बचावले, बोलणं मात्र अडलं. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं, सगळं सुचतं. शब्द ओठांवर यायला वेळ लागतो, एवढंच. तुम्ही थांबायला शिका." मला ते जमेना. मी इंग्रजी शाळेतली शिक्षिका. वर्गात मूल अडखळलं की पुढचा शब्द पुरवायचा, हीच जन्माची सवय. आजोबा "मला..." म्हणाले की मी लगेच "चहा?" म्हणायची.

मैदानावर मात्र त्यांचं वाक्य पूर्ण व्हायचं. दोन चेंडूंच्या मधला तो सुस्त वेळ त्यांना पुरायचा. माझे डोळे खेळाकडे असत, त्यामुळे मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसत नसे. "हा... डावखुरा... आता... खाली... टाकेल," असं ते म्हणत, आणि त्यानंतर सावकाश तो डावखुरा चेंडू खाली टाकी. घरी परतताना मला वाटे, आज आपण किती बोललो! मोजली तर चार वाक्यं झालेली असत.

पुढे नियम बदलले. बेस मोठे झाले. पिचरने बेसवरच्या खेळाडूला किती वेळा चेंडू फेकून धाक दाखवायचा, यावर मर्यादा आली. आणि भिंतीवर उलटे सेकंद मोजणारं घड्याळ आलं. पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, बेसवर कुणी असेल तर आणखी थोडे. पिचरला उशीर झाला तर बॅटरचा फायदा, बॅटरला झाला तर त्याच्यावर एक स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद. बॅटरला एका पाळीत फक्त एकदा हात वर करून वेळ मागता येतो.

खरं सांगते, सुरुवातीला मला घड्याळ आवडलं. सगळं कसं वेळेवर. पण आमच्या जागेवर सावली येण्याआधीच सामना संपू लागला. पुढच्या रांगेत एक अमेरिकन म्हातारेबुवा बसतात, ते तर पहिल्या दिवशीच उखडले. मागे वळून आजोबांना म्हणाले, "अर्धी शेंग सोलेपर्यंत दोन चेंडू पडतात. आता काय, घरून सोलून आणायच्या?" आजोबा हसून हसून लाल झाले.

नंतर माझ्या लक्षात आलं, की आजोबा आता मैदानावरही गप्प असतात. वाक्य सुरू करायचे, तेवढ्यात चेंडू पडायचा, लोक ओरडायचे, वाक्य तिथेच राहायचं. मी त्या घड्याळाला मनसोक्त नावं ठेवू लागले.

आता गेल्या शनिवारचा तुमचा फोन आठवा. धाकट्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी सिक्स मारलीय का?" आजोबा "मी..." म्हणून थांबले. थोरली म्हणाली, "आजोबांचा व्हिडिओ हँग झाला वाटतं." मी घाईघाईने म्हणाले, "छे रे, आजोबा नुसते बघणारे! बॅट कधी हातात धरली नाही त्यांनी." तुम्ही हसलात आणि गॅदरिंगच्या गोष्टी सुरू झाल्या. फोन संपला तरी आजोबा पडद्याकडे बघत बसले होते. रात्री नीट जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैदानावर, चौथ्या डावात, ते म्हणाले, "मा... मारली..."

भिंतीवर अकरा, दहा, नऊ.

"कुणी मारली? अजून चेंडू कुठे पडलाय?"

"नाही... मी..."

सात, सहा. "पाणी देऊ?"

चेंडू पडला. मी वहीत टिपला.

"मी..."

"ऊन लागतंय का हो? जाऊ या घरी?"

तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला, तळवा माझ्याकडे. अगदी बॅटर पंचाला करतो तसा.

म्हातारेबुवा मागे वळून बघतच होते. म्हणाले, "बाई, त्यांनी टाइम मागितलाय. द्यावाच लागतो. नियम आहे."

भिंतीवरचं घड्याळ तर यंदाचं. मी त्याच्या किती तरी आधीपासून आमच्या स्वयंपाकघरात सेकंद मोजत होते.

मी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. किती चेंडू पडले ठाऊक नाही. कुणीतरी धावलं, कुणीतरी बाद झालं, टाळ्या कुठून तरी लांबून आल्यासारख्या आल्या. त्या डावाचं पान अजून अर्धं कोरं आहे.

"मारली... होती. एक. कॉलेजच्या... ग्राउंडवर. चेंडू... विहिरीत... गेला."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तू... विचारलं... नाहीस." आणि मग, एक अख्खी शेंग सोलून झाल्यावर, "पोरांना... मी... सांगणार."

हे सगळं शनिवारच्या फोनच्या आधी तुमच्या बाबांकडे पाठवते आहे, वाचून घ्या. विहिरीतल्या त्या चेंडूचं पुढे काय झालं, ते मला आता कळलंय, पण मी लिहिणार नाही. मी फोन त्यांच्यासमोर लावून देईन आणि आत जाईन. ते मध्येच थांबले, तर व्हिडिओ अडकला असं समजू नका. त्यांच्या मागच्या खिडकीत मेपलचं झाड आहे, त्याची पानं हलताना दिसतील. ती हलत असली की समजा, आजोबांचं वाक्य येतंय.