सागाची पट्टी

अमरावती आणि अकोला येथील समस्त ख्रिस्ती मंडळीस, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस आणि नाताळचं नाटक फुकट बघायला येणाऱ्या तमाम रसिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या उंटाचे मागचे पाय आता या जगात नाहीत. शमुवेल, म्हणजे माझा भाचा समू, दहाव्या वर्षी त्या गोणपाटाच्या उंटात शिरला. पुढे तो रीतसर उपदेशक झाला, लोक त्याला वाकून नमस्कार करू लागले, तरी दर नाताळला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो माझ्यामागे हजर. पुढचे पाय मी. दिग्दर्शक मी, हेरोद राजाही मीच. उंट चालताना समू आतून माझ्या पाठीला गुदगुल्या करायचा आणि बेथलेहेमच्या वाटेवर उंट खिंकाळायचा... सहा आठवड्यांपूर्वी धारणीकडून फोन आला. समूचा ताप मेंदूत गेला होता. गावकऱ्यांनी जीपमधून घाट उतरवून परतवाड्याला आणला, तिथून अमरावतीला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याच्या पायांवर चादर ओढून झाली होती. वय अठ्ठावीस.

माझी बहीण गेली तेव्हा समू चार वर्षांचा, बरोबर पट्टीएवढा होता. हे माप माझं नाही, त्याच्या बापाचं. दौलतभाऊजी अकोल्यात शिंपीकाम करतात. त्यांच्या मशीनच्या वर भिंतीला त्यांच्या वडिलांची सागाची मीटरपट्टी लटकलेली असायची, हात लागून लागून काळी झालेली. बहिणीला माती दिल्यावर घरी येऊन त्यांनी काय केलं असेल? पोराला भिंतीशी उभं केलं, शेजारी पट्टी धरली आणि म्हणाले, एवढाच आहे अजून. पुढे त्या पोराला त्यांनी मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात वाढवलं. राग आला तर भाऊजी मशीन जोरात चालवायचे, त्यापलीकडे त्यांना रागावता येत नसे. समू प्रभूच्या सेवेत जातो म्हणाला, तेव्हा दोन दिवस गिऱ्हाईक परत पाठवून त्यांनी त्याच्यासाठी पांढरा झगा शिवला आणि शिवताना इतके रडले की कापड पुन्हा धुवावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी समूला दक्षिण कोरियातल्या एका ख्रिस्ती मंडळीचं बोलावणं आलं. तीन आठवडे सेवेसाठी. आमच्याकडून कोणी सेवेसाठी विमानात बसण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अर्धं अकोला स्टेशनवर. भाऊजींनी काळा सूट शिवला, मी जवसाची चटणी दिली. तिथून तो रोज फोन करायचा. तिथले लोक पहाटे पाचला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जमतात, सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतात, मोठ्यानं रडतात. समू म्हणाला, मामा, मी एकटाच कोरडा बसून राहिलो.

शेवटच्या रविवारी पाहुण्या उपदेशकांनी साक्ष द्यायची होती. म्हणजे उभं राहून सांगायचं, देवासाठी आपण काय सोसलं आणि त्यानं कसं तारलं. नेपाळचा एक पोरगा तुरुंगात राहून आला होता. आफ्रिकेतल्या एका मुलीचा भाऊ तिच्यासमोर मारला गेला होता. समूनं मला फोन केला.

"मामा, मी काय सांगू? मले तं कोणी काईच केलं नाही."

मी आंघोळीला निघालो होतो. कमरेला टॉवेल, डोक्याला तेल, आणि समोर रंगमंच. मी खदाखदा हसलो आणि उभ्या उभ्या प्रवेश रचून दिला. बाप शिंपी. भिंतीवर पट्टी. पोरगा म्हणतो, मी सेवेत जातो. बाप पट्टी उतरवतो आणि मोडेपर्यंत हाणतो. मोडलीच पाहिजे, मी बजावलं, त्याशिवाय लोक रडत नाहीत. बाबांनी ऐकलं तर, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, कोरियातलं अकोल्यात कोण ऐकते?

समू हिंदीत बोलला, शेजारी दुभाषी. लोक रडले. त्या मंडळीनं व्हिडिओ काढला आणि महिन्याभरात तो आमच्या अकोल्याच्या मंडळीच्या मोबाइलवर फिरू लागला. भाऊजींना तो दुकानात गिऱ्हाइकानंच दाखवला. समू घरी गेला तेव्हा त्यांनी त्याला जेवू घातलं, मशीनवर बसले आणि मान वर न करता एवढंच विचारलं, "बाबू, कोणती पट्टी मोडली रे?" ती तर समोर भिंतीवर होती, अखंड. भाऊजींनी पुन्हा विचारलं नाही.

लोकांनी आधी भाऊजींना कसाई ठरवलं. मग दुकानात ती पट्टी बघून समूला खोटारडा ठरवलं. समू अमरावतीला माझ्याकडे आला. येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून कबूल करतो, म्हणाला. मी त्याला थांबवलं. तुझी सेवा जाईल, लोक विसरतात, असं बरंच बोललो. माझं नाव निघेल, हे बोललो नाही. त्याला दिग्दर्शकाचं ऐकायची लहानपणापासून सवय. त्या रविवारी तो उपदेशाला उभा राहिला, वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि खाली बसला. पुन्हा कधी त्यानं उपदेश केला नाही. धारणीच्या पुढचं एक गाव मागून घेतलं, तिथे पोरांना शिकवायचा, आजाऱ्यांना जीपपर्यंत पोचवायचा. गेले दोन नाताळ आमचा उंट बसूनच राहिला. फोनवर मात्र तो दर वेळी विचारायचा, "मामा, बाबांले तुमी सांगतलं का?" मी म्हणायचो, सांगतो. पुढच्या आठवड्यात सांगतो.

सांगितलं नाही. हे ज्यात छापून येतंय ती रविवारची पुरवणी भाऊजी घेतात, कपड्यांच्या कटिंगचे कागदी नमुने कापायला. पण कात्री लावण्याआधी अक्षर न् अक्षर वाचतात. आज त्यांना कळेल.

मागच्या पंधरवड्यात अकोल्यात त्याच्या स्मरणाची उपासना झाली. कोणी त्याचं हसणं आठवलं, कोणी उंट. मग मंडळीतले एक बुजुर्ग उभे राहिले. चांगल्या मनानंच म्हणाले, आपल्या भावानं परदेशात खोटी साक्ष दिली, त्याची त्याला क्षमा व्हावी म्हणून प्रार्थना करू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. आयुष्यात माझी एकही एंट्री चुकलेली नाही... मी उठलो नाही.

भाऊजी उठले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी कागद सोडला. पट्टीचे दोन तुकडे. वरून दोन पिढ्यांच्या हातांनी काळी पडलेली, आणि मोडल्या जागी लाकूड ताजं, पिवळंधमक, कालपरवाचं. ज्या माणसाचा आवाज मशीनच्या वर कधी ऐकू आला नाही, तो त्या भरल्या देवळात एकदम मोठ्यानं बोलून गेला,

"खोटं नाई बोलला माहा पोरगा. मारलं होतं म्या त्याले."