स्कूटरचा खांदा

नागपूरच्या सक्करदऱ्याला आम्ही भाड्यानं राहायचो. घरापुढे फरशीचं अंगण होतं, आणि दर श्रावणात त्या अंगणात माझी स्कूटर उघडून पडलेली असायची. जाड पत्र्याची, मोठी, जुनीच घेतलेली गाडी. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. मिस्त्रीकडे टाकलेली गाडी एक दुखणं बरं करून दोन नवी घेऊन येते, असा माझा ठाम समज होता. म्हणून सगळं मी घरीच करायचो. बायकोचं जुनं लुगडं अंथरायचं, जे आधी निघेल ते डाव्या टोकाला ठेवायचं, पुढचं त्याच्या शेजारी, आणि जोडताना उजवीकडून उलटं यायचं. ती ओळ कोणी हलवली की माझं डोकं फिरायचं. बायको लुगड्याला वळसा घालून तुळशीला पाणी घालायची आणि म्हणायची, देवळातसुद्धा एवढं सोवळं नसतं.

त्या वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले होते. आमचं गाव उमरेडच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. शेत कोळशाच्या खाणीत गेलं. आई त्याआधीच गेली होती. बैलांची जोडी बाबांनी पुतण्याच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या दावणीला बांधली, त्याच्याकडून काही घेतलं नाही, आणि एक पिशवी घेऊन ते नागपूरला आले. शहरात त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. अंगणातल्या बाजेवर बसून ते मी काय उघडतो ते बघत राहायचे. कधी म्हणायचे, "बैल आजारी पडला तर निदान उभा राहते. तुही गाडी तं दर साली भुईवरच."

वर्षभरात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला मला गावात ने. त्या सांजेला आमच्याकडे खांदशेकणी असते. ज्या खांद्यानं वर्षभर जू ओढलं तो खांदा कोमट पाण्यानं धुवायचा, पळसाच्या पानानं त्यावर तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैल घरचा पाहुणा. पण पाहुण्याला आधी बोलावणं लागतं, आणि ते ज्यानं त्याला राबवलं त्यानंच द्यायचं, असं बाबा मानायचे. कळायला लागल्यापासून त्यांची ही सांज चुकली नव्हती.

ते एसटीनं जायला तयार होते. पण एसटी फाट्यावर सोडते, आणि तिथून गावापर्यंत चिखल तुडवत जायला त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. मीच म्हटलं, एसटी कशाला, मी नेतो की गाडीवर.

गाडीचं मागचं ऑईल सील फुटलं होतं. इंजिनचं तेल झिरपून मागच्या ब्रेकवर उतरलं होतं. ब्रेकचे दोन अर्धगोल लायनर असतात, पायाखालची पट्टी दाबली की ते चाकाच्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. तेल लागलं की ते घसरतात, धरत नाहीत. मी ते पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले, उन्हाची तिरीप मिळाली की त्यात ठेवले. नवं सील मात्र मिळेना. सीताबर्डीचा दुकानदार रोज उद्या म्हणायचा. सील हातात आलं ते नेमकं खांदशेकणीच्या दिवशी, संध्याकाळी. ते बसवून, लायनर जागेवर लावून मी हात धुतले. ड्रम, चाक आणि गिअरच्या केबली अजून बाकी होत्या.

बाबांना सांगितलं, आज काही जमत नाही, उद्या नेतो, पोळा तर उद्याच आहे. ते दारात मेढे म्हणून लावायला आणलेल्या पळसाच्या डहाळीची पानं चाळवत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, या गाडीचा सगळा जोर कशावर येतो? माझं लक्ष केबलींकडे होतं. मी लायनरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, भरल्या गाडीचा भार शेवटी हेच सहन करतात. ते वाकून बघत राहिले. "लय कोरडे पडले," एवढंच म्हणाले.

मी जेवायला आत गेलो.

लायनर कालच बसवले होते, म्हणून सकाळी तिकडे न बघताच मी ड्रम चढवला, नट कसला, चाक लावलं. घरात पुरण शिजत होतं, हळदीचा आणि तुपाचा वास सगळीकडेच होता. मला त्यात वेगळं काही जाणवलं नाही. केबलींनी दुपार केली. एकदाची गाडी सुरू झाली तेव्हा बाबा धुतलेलं धोतर नेसून, गोंडे आणि नव्या वेसणींची पिशवी मांडीवर घेऊन तयार बसले होते.

सणामुळे रस्ता मोकळा होता, पाचगावपर्यंत पुढच्या ब्रेकवर आणि गिअरवरच भागलं. पाचगावच्या पुढे रस्त्याला एक लांब उतार लागतो. त्याच्या तळाशी नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशीचा पूल होता, आणि त्या रपट्यावर कोणीतरी आपले बैल धुवायला आणले होते. शिंगं रंगवलेली, अंगावरून पाणी निथळतंय. मी पायानं ब्रेक दाबला. पट्टी पार खाली गेली आणि गाडी आपल्याच वेगात राहिली. पुन्हा दाबला. पुढचा ब्रेक जोरात धरावा तर ओल्या डांबरावर आम्ही दोघं आडवे. मी गिअर उतरवला, पुढचा ब्रेक हळूहळू आवळला आणि गाडी कडेच्या चिखलात घातली. ती रुतत रुतत बैलांच्या अलीकडे उभी राहिली. बाबांनी माझा सदरा दोन्ही मुठींत धरलेला होता. पिशवी तेवढी पडली होती.

मागच्या चाकातून धूर येत होता, आणि त्या धुराला फोडणीचा वास होता. मी तिथेच चाक काढलं, ड्रम ओढला. दोन्ही लायनर तुपानं माखलेले. कडेला हळद जळून काळी झाली होती, मध्ये पळसाच्या पानाचा एक तुकडा चिकटला होता.

माझा राग किती भडकला हे लिहायला नको. आपण मेलो असतो, त्या माणसाचे बैल मेले असते. मी वळून म्हटलं, "बाबा, हे काहून केलं?"

ते रस्त्याच्या कडेला पिशवीतल्या गोंड्यांचा चिखल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच तं सांगितलं, सारा भार त्यावरच येते म्हणून. सांज रिकामी कशी जाऊ द्याची गा? दारात जे होतं त्याचाच खांदा शेकला म्या."

टाकीतलं पेट्रोल काढून मी लायनर धुतले. रपट्यावरच्या माणसानं एक वीट शोधून दिली, तिच्यावर ते घासले. पुन्हा धुतले, पुन्हा घासले. तूप असं सहजी सुटत नाही. सगळं जोडून निघालो तेव्हा उन्हं कलली होती. उरलेला रस्ता मी तिसरा गिअर टाकलाच नाही.

गावात पोचलो तेव्हा पोळा फुटून गेला होता. तोरण तुटलं होतं, मैदानात चिखल आणि खुरांचे ठसे तेवढे उरले होते. चुलतभावाच्या दारात आमची जोडी उभी होती, अंगावर झूल, पुढे पुरणपोळीची पाटी. बैल जेवत होते. बाबा त्यांच्याजवळ गेले, थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांनी झूल थोडी वर उचलली.

खांदा सोललेला होता. जू बसतं तिथं कातडी निघून लाल मांस दिसत होतं. धाकट्याचंही तेच. चुलतभाऊ खाली बघत सांगत होता की यंदा पाऊस लांबला, चिखलणीला उशीर झाला, कालही अंधार पडेपर्यंत औत होतं, खांदशेकणी राहूनच गेली. तो दुष्ट नव्हता. एका जोडीवर स्वतःची आणि बटाईनं घेतलेली, अशी दोन घरांची शेती ओढत होता.

बाबांनी त्याच्या बायकोकडून वाटीत तूप-हळद मागून घेतली आणि बैलांचं जेवण होईपर्यंत दोघांचे खांदे चोळत राहिले. इतक्या हलक्या हातानं त्यांनी मला लहानपणीही कधी हात लावलेला मला आठवत नाही. कानात मात्र काही सांगितलं नाही. पाटी रिकामी झाल्यावर बोलावणं कशाचं द्यायचं?

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, त्याच रपट्याशी, ते माझ्या पाठीमागून बोलले.

"आवतन म्या देलं होतं गा. पण ते तुह्या गाडीले देलं. माहे बैल यंदा बिनआवतनाचे जेवले."

मी गाडी चालवत राहिलो. डोळ्यांत पाणी होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

चैत्रात बाबा गेले. पुढच्या श्रावणात गाडीनं पुन्हा तेल टाकायला सुरुवात केली, पण मी ती उघडली नाही. बायकोनं विचारलं, यंदा लुगडं नाही का अंथरायचं? मी म्हटलं, पोळा होऊ दे. खांदशेकणीच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पळसाची पानं डिक्कीत घालून एकटाच गावाला गेलो. जोडी गोठ्यात होती. चुलतभावानं या खेपेला पाणी कोमट करून ठेवलं होतं. नट-बोल्टांची सवय झालेले माझे हात, खांद्यावर किती दाब द्यायचा ते त्यांना कळेना. थोरला दोनदा सरकला, मग उभा राहिला.

चोळून झाल्यावर मी त्याच्या कानाशी वाकलो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हटलं. चुलतभाऊ बादली घेऊन बाहेर गेला होता. तो परत यायच्या आत मी घाईघाईनं एवढंही सांगितलं, "बाबानं बोलावलं आहे."