पाठकोरे

आमच्या मराठीच्या नव्या बाई आल्या आणि आठवड्याभरात आमच्या दप्तरांतली निबंधाची पुस्तकं गायब झाली. जप्त नाही केली त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "ज्याला पुस्तकातलं लिहायचंय त्याने खुशाल लिहावं. मी मार्क पुस्तकाला देईन." नव्वदच्या दशकात सायखेड्यासारख्या गावात, आठवीच्या वर्गात, असं कुणी बोलत नसे. आम्ही फिदीफिदी हसलो, आणि मग घाबरलो, कारण स्वतःचं काय लिहायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

बाईंची रीत ठरलेली होती. आधी गप्पा, मग कच्चं, मग कात्री, मग कान, आणि शेवटी पक्कं. गप्पा म्हणजे बाकावरच्या शेजारणीला सांगायचं की मी काय लिहिणार आहे, आणि तिने सारखं "मग?" विचारायचं. माझी शेजारीण एक नंबरची चोंबडी, तिचे "मग?" संपायचेच नाहीत. कच्चं लिहायचं ते पाठकोऱ्या कागदावर. जुने पेपर, लग्नपत्रिका, एक बाजू कोरी असेल ते काहीही. वहीत कच्चं लिहायला सक्त मनाई. वहीत हात जपून चालतो, म्हणायच्या. पण एवढे पाठकोरे आणायचे कुठून? आम्ही एकमेकींशी त्यांच्यावरून भांडायचो. कात्री म्हणजे खरीखुरी कात्री. लिहिलेल्याच्या पट्ट्या कापायच्या, वरखाली करून बघायच्या आणि खळीने चिकटवायच्या. खळ माझ्याकडून यायची, कारण आमची पिठाची गिरणी होती. मला हे सगळं इतकं आवडायला लागलं की मराठीचा तास कधी येतो असं व्हायचं.

तेवढ्यात नाशिकच्या स्पर्धेचं पत्रक आलं. स्वतः लिहिलेला निबंध स्टेजवर वाचायचा, विषय 'माझ्या गावची सकाळ'. आता स्वतः लिहिलेला म्हणजे आमच्या शाळेत हेडसरांनी लिहिलेला, हे इतकी वर्षं ठरलेलंच होतं. सरांचं अक्षर मोत्यासारखं. ते लिहून द्यायचे, कुणीतरी हुशार पोरगा पाठ करून जायचा आणि हात हलवत परत यायचा. नंबर कधी आला नव्हता, पण शाळेची लाज जात नाही, यावर सर खूश असत.

बाई मला घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, या वेळी ही स्वतः लिहील."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आमची काळजी फार. "ठीक आहे बाई. नंबर आला तर यापुढे पोरांनीच लिहावं, मी मध्ये पडणार नाही. नाही आला तर पुन्हा माझ्या पद्धतीने, आणि वर्गातलं ते कापाकापीचंही बंद."

म्हणजे आमची कात्री, आमचे पाठकोरे, सगळं माझ्या गळ्यात. आणि खरं सांगते, मला आनंदही झाला.

कच्चं झालं. त्याची सुरुवात मी अशी केली होती: 'पहाटेची वेळ होती. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता.' पुढे गोदामाई, मंद वारा, मंदिरातला घंटानाद. अख्खं पान भरलं होतं. किती गोड वाटायचं मला ते. गिरणीचं सगळं दुसऱ्या पानावर.

बाईंनी वाचलं आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "तुझा निबंध इथे सुरू होतो."

"मग पहिलं पान?"

"ते तुझं तू बघ. मी खोडणार नाही. लेख तुझा आहे."

मला रागच आला. सुंदर लिहिलं तरी पंचाईत. मी म्हटलं, कानाला विचारू. कान म्हणजे घरी कुणाला तरी वाचून दाखवायचं आणि त्यांचं लक्ष कुठे उडतं ते बघायचं. लाईट गेलेली होती, गिरणी बंद, बायका आपापल्या डब्यांपाशी ओट्यावर बसलेल्या. मी उभी राहून वाचायला लागले. किलबिलाट येईपर्यंत दोघी कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "ही कुठल्या गावची सकाळ गं? नमनालाच घडाभर तेल." दुसऱ्या पानाला मात्र सगळ्या गप्प झाल्या, आणि माझ्या वडिलांचं वाक्य आलं तशा खो खो हसल्या. वडील पट्टा बसवता बसवता म्हणाले, "माझंच नाव बदनाम कर तू." पण हसत होते.

तरी मी पहिलं पान ठेवलं. मोठी हट्टी होते मी. पक्क्या प्रतीत तर ते जास्तच कोरून काढलं.

एसटीने नाशिकला गेलो, सीबीएसच्या स्टँडवर उतरलो. सभागृहात एवढी मुलं, पांढरे शुभ्र गणवेश, समोर माईक. पहिला मुलगा उठला. "पहाटेची वेळ होती." मी ताठ बसले. दुसरी मुलगी आली, तिच्याही पूर्वेला तांबडं फुटलं. तिसऱ्याने वेगळं केलं, त्याने किलबिलाट आधी घेतला. चौथीच्या पहाटेला मागच्या रांगेतली मुलं तिच्याबरोबर म्हणायलाच लागली, आणि एका परीक्षकाने गालावर हात टेकून डोळे मिटले. तिचा रडवेला चेहरा बघून माझे कान तापले. माझ्यापण हातात तेच होतं, अगदी तेच.

माझं नाव पुकारलं. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या होत्या. आता काय करायचं ते मीच ठरवायचं होतं. माईकपर्यंत जाताना मी पहिलं पान काढून मागे घातलं.

"आमच्या गावची सकाळ लाईट येईल तेव्हा होते."

त्या परीक्षकाने डोळे उघडले. मग मी ओट्यावरचे डबे सांगितले, बल्ब पेटला की एकदम उठणाऱ्या बायका सांगितल्या, कुणाचा डबा पुढे यावरून होणारी हमरीतुमरी सांगितली, आणि वडिलांचं ओरडणं त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आधी गहू, मग बाजरी! माझ्याकडं वरडून नंबर लागत नाय!" हशा असा उसळला की मला थांबावं लागलं. तोपर्यंत मला कुणी असं हसून थांबायला लावलं नव्हतं. तो आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

दुसरा नंबर आला. बाईंनी मला स्टँडसमोर उसाचा रस पाजला, आणि पहिल्या पानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीच म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." त्या म्हणाल्या, "माझं नाही गं, त्या गिरणीतल्या मावशींचं."

दुसऱ्या दिवशी हेडसर आमच्या वर्गावर आले. काखेत कागदांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. माझ्या पाठीवर थोपटलं, गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एका बाजूने कोरे आहेत. पोरांना कच्च्यासाठी होतील."

ते गेल्यावर आम्ही तुटून पडलो. माझ्या वाट्याला आलेला कागद मी उलटून पाहिला. मोत्यासारखं अक्षर, आणि पहिलंच वाक्य: पहाटेची वेळ होती.

त्यांनी इतक्या वर्षांत पोरांसाठी लिहिलेले सगळे निबंध होते ते. मी कागद पुन्हा पालथा केला, शेजारणीकडे वळले, आणि ती म्हणाली, "मग?"