भुताचं लेकरू

सातव्या महिन्यात ताई ताडकळसला माहेरी आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत हातात मावणारा एक व्हिडिओ गेम होता. भाऊजी आखातात वायरमन होते. सुट्टीत आले, तेव्हा त्यांनी तो तिला दिला आणि परत गेले. नवऱ्याच्या हातचं तेवढंच तिच्यापाशी होतं, म्हणून ती तो उशाखाली ठेवायची.

खेळ मूळचा भुतांच्या खेळांच्या एका भयंकर मालिकेतला. तिथे भुतांच्या राजाला मारायचं असे. या धाकट्या खेळात मात्र नायक त्या राजाचंच लेकरू. मोठं डोकं, अंगात झगा, उड्या मारत खड्डे ओलांडायचं. हे ताईने कौतुकाने शेजारच्या काकूंना सांगितलं, तिथेच चुकलं.

काकू गावातल्या गरोदर बायांच्या स्वयंनियुक्त न्यायाधीश होत्या. त्यांच्या निकालावर अपील नसे.

"पोटुशी बाई भूत बघायलीय, अन् तुमी गप कशा?" त्यांनी आईला झापलं.

दुसऱ्याच दिवशी ताईच्या खाटेसमोर रांगत्या बाळकृष्णाचं कॅलेंडर लागलं. साल मागचं होतं आणि खाली खताच्या दुकानाची जाहिरात होती. पण काकूंचं समाधान झालं. उरला होता तो गेम. तो घ्यायला आई आली.

"ने. पण आधी एकदा बघ," ताई म्हणाली. डोळे भरलेले, अंगठे मात्र चालूच.

आई चष्मा लावून वाकली. "एवढूसं तर हाय गं. ह्येची माय कुठाय?"

"माय न्हाई दाखवली."

"अन् बाप?"

"बाप दुसऱ्या खेळात असतो."

"म्हंजे आपल्या जावयावानी."

ताईला हसू फुटलं आणि तेवढ्यात लेकरू खड्ड्यात गेलं.

"अगं, धर त्याला!" आई ओरडली. मग चष्मा काढून तिने स्वतःचा निकाल दिला. भूत बघितलं तर चालेल, भुताचं असलं तरी लेकरूच हाय. पण अशा दिवसांत लेकरू पडताना बघायचं नाही.

खेळाच्या पहिल्या, सोप्या टप्प्यात ताईच्या हातून ते कधी पडत नसे. बाळंत होईपर्यंत ती तेवढाच टप्पा खेळली. दुसरा सुरू झाला की बंद करून परत पहिल्यापासून. आई शेजारी लसूण सोलत बसायची आणि प्रत्येक खड्ड्यापाशी "हळू" म्हणायची.

पुढचे टप्पे मी खेळून बघू का, असं मी एकदा विचारलं.

"नगं," आई म्हणाली. "तू पाडशील त्याला."