गाड्यांच्या वेळेवर लावलेली गावं

हेवा वाटतो असं माणूस सहसा कबूल करत नाही. राग आला म्हणतो, अन्याय झाला म्हणतो, आजकालच्या लोकांना रीत राहिली नाही म्हणतो. मी सरळ सांगतो. आमच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला ज्या बाई आल्या, त्यांचा मला हेवा वाटला, अजून वाटतो, आणि तो कमी व्हावा म्हणून मी काही करत नाही.

रेकॉर्ड रूम माझी होती. सरकारी भाषेत तिला अभिलेख कक्ष म्हणतात, पण तो शब्द दारावरच्या पाटीपलीकडे कुणी वापरत नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या एका तालुक्याची सगळी गावं तिथं लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेली होती. कुणाची जमीन कुणाच्या नावावर कशी आली, विहिरीत कुणाचा हिस्सा, बहिणींनी हक्क सोडला की नाही, सगळं त्या गाठोड्यांत. निजामाच्या वेळची उर्दूतली पानंही होती. ती मला वाचता येत नव्हती, पण वाळवीपासून मी ती माझ्या पोरांच्या दाखल्यांपेक्षा जास्त जपली. डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या शर्टाला कायमचा चिकटला होता, आणि बायको माझे कपडे वेगळे भिजवायची.

गावं लावायची माझी स्वतःची पद्धत होती. परिपत्रकात लिहिलं होतं की गावं क्रमांकानं लावा. मी ती एसटीच्या गाड्यांवर लावली. सकाळच्या पहिल्या गाडीनं ज्या गावांची माणसं यायची, ती गावं दाराजवळच्या मांडणीत. सेलूकडून येणाऱ्या गाडीची गावं मधल्या भिंतीला. दुपारच्या गाडीची खिडकीखाली. कारण साधं होतं. नक्कल, म्हणजे कागदाची सहीशिक्क्याची प्रत, माणसाला परतीच्या गाडीआधी मिळाली पाहिजे, नाहीतर त्याला तालुक्यात मुक्काम पडायचा. एका वेळी एक मांडणी उघडायची, त्या गाडीची माणसं मोकळी करायची, मग दुसरी. वरच्यांना यातलं काही कळायचं नाही आणि मीही कुणाला समजावत बसलो नाही.

पुढं काही गाड्या बंद पडल्या, काहींच्या वेळा बदलल्या, आणि बहुतेक लोक मोटारसायकलवर यायला लागले. गावं मात्र माझ्या मांडण्यांत त्याच गाड्या धरून बसून राहिली. कोणतं गाव कुठं आहे हे आता फक्त मला माहीत होतं, आणि खरं सांगू, ते मला फार आवडायचं. रजेवर गेलो की फोन वाजायचा. पुतणीच्या लग्नात हातात अक्षता घेऊन उभा होतो तेव्हा साहेबांचा फोन आला, एक गाव सापडत नाही म्हणून. मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दुपारच्या गाडीत बघा साहेब, खालून दुसरी फळी." पाहुणे वळून वळून बघायला लागले. माझ्यावाचून कचेरी अडते, हे त्या दिवशी चार सोयऱ्यांना कळलं, आणि मी जेवायला दोन जिलब्या जास्त घेतल्या.

निवृत्ती जवळ आली होती. बढतीची हाव मला नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत ती खोली आणि तिची किल्ली माझ्याकडे राहावी, एवढीच इच्छा होती. साहेबांना मी ती दोनतीनदा बोलूनही दाखवली होती, आणि ते बघू म्हणाले होते.

अशात बाई परभणीहून बदलून आल्या. मूळच्या चारठाण्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, माझ्याहून बऱ्याच लहान. जुने कागद स्कॅन करून संगणकात टाकायचे असा हुकूम आला होता आणि त्यासाठी त्यांना माझ्या जोडीला दिलं होतं. पहिल्या दिवशी त्या आत आल्या, चारपाच शिंका दिल्या, सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, लय जपलंय हो तुमी हे." मला वाटलं, टोमणा मारला. तो टोमणा नव्हता हे पुढं कळलं, आणि मग जास्तच झोंबलं. टोमणा असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. जो शिपाई मला गार झालेला चहा आणून द्यायचा, तो बाईंना आलं घातलेला, वाफाळता आणून द्यायला लागला. धुळीला घाबरून जे कारकून दारातूनच हाक मारायचे, ते आत येऊन उभं राहून गप्पा मारायला लागले. बाईंनी खिडकीबाहेर लोकांसाठी खुर्च्या मांडल्या. जुन्याच खुर्च्या, मागच्या व्हरांड्यात मोडून पडलेल्या, त्यांनी सुताराकडून खिळे मारून घेतल्या. लोक बसायला लागले आणि खिडकीशी होणारी भांडणं थांबली. एवढी साधी गोष्ट मला कधी का सुचली नाही, म्हणून मी आठवडाभर घरी कुणाशी धड बोललो नाही. बायकोनं रेकॉर्ड रूमचं काही विचारलं की मी ताट सारून उठायचो. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

एके दुपारी बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमची ही गावं कशी लावलीत ते एकदा सगळं सांगता का? मी फोनवर रेकॉर्ड करते. मला न्हाई समजायलं." मी आदल्या रात्रीच मनाशी ठरवलं होतं की विचारतील तेवढंच सांगायचं, ताकास तूर लागू द्यायची नाही. पण इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. सांगायला सुरुवात केली आणि माझं तोंड थांबेना. कोणती गाडी कोणत्या गावांवरून यायची, कोणता ड्रायव्हर नक्कल होईपर्यंत कचेरीसमोर हॉर्न वाजवत थांबायचा, धरणात गेलेल्या गावाचे दोन रुमाल दोन मांडण्यांत का आहेत, सगळं सांगितलं. त्या बरोबर जिथं हसायचं तिथं हसायच्या. मधेच विचारायच्या, "मग ती गाडी बंद झाल्यावर काय केलं तुमी?" आणि मी आणखी खुलायचो. चहा गार झाला तेही कळलं नाही. घरी जाताना अंग हलकं झालं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं की आता मला काही विचारायला कुणाला कारण उरलं नाही. मी तिथंच उभा राहून स्वतःला एक शिवी दिली आणि घरात गेलो.

पुढच्या काही महिन्यांत बाईंनी खोली पालटली. परिपत्रकाप्रमाणं गावं क्रमांकानं लागली. प्रत्येक रुमालाला चिठ्ठी आली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत यादी आली. वर्षानुवर्षं मी भीतीपोटी साठवलेले बिनकामाचे कागद त्यांनी रीतसर मंजुरी घेऊन नष्ट केले, आणि तेवढ्यानंच दोन मांडण्या मोकळ्या झाल्या. मी रोज चूक शोधत होतो. यादीतली अक्षरं फार मोठी झालीत, सरकारी खोलीला शोभत नाहीत, असं मी साहेबांना म्हणालो. साहेब म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसलं." बाई कधीतरी अडतील, एखादं गाव त्यांच्या हातून हरवेल आणि सगळी कचेरी माझ्या दाराशी येईल, हे मी मनात किती वेळा घडवून पाहिलं त्याचा हिशेब नाही.

मग दप्तर तपासणी आली. विभागातून मोठे साहेब आले, मागं आमचे साहेब, त्यांच्या मागं आम्ही. कोणती किल्ली कुणाकडं द्यायची, कोणाचं टेबल बदलायचं, हे या तपासणीनंतरच ठरणार असं सगळे बोलत होते. मोठ्या साहेबांनी मुद्दाम एका आडवळणाच्या वस्तीचं नाव घेतलं आणि तिथला जुना फेरफार, म्हणजे जमीन नावावर झाल्याची नोंद, दाखवा म्हणाले. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला संगणकाशी होत्या. हीच वेळ होती. "मी देतो सर," म्हणालो आणि निघालो. पाय आपोआप खिडकीकडं गेले. दुपारची गाडी, खालून दुसरी फळी. न बघताच रुमाल ओढला, गाठ सोडली आणि ऐटीत साहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे तर दुसरंच गाव आहे हो."

मागं कुणीतरी हसलं. बाई तोपर्यंत बरोबर रुमाल घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो हळूच माझ्या रुमालावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, भाऊसाहेबांचा हात जुन्या जागेवर गेला. आधी ते तिथंच असायचं." त्यांनी मला सांभाळून घेतलं. इतकं नेमकं, इतकं सहज सांभाळून घेतलं की त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. पडलो असतो तर लोकांनी उचललं असतं. त्यांनी पडूही दिलं नाही.

टेबलं बदलली. रेकॉर्ड रूम बाईंकडं गेली. मला आवक-जावक मिळालं. किल्ली देताना बाई साहेबांना म्हणाल्या, "एक किल्ली भाऊसाहेबांकडं राहू द्या की सर." साहेब म्हणाले, गरज नाही, आता त्यांनी आराम करावा. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर गेलो.

आवक-जावक म्हणजे येणाऱ्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारायचा आणि क्रमांक टाकून पुढं पाठवायचं. नक्कल हवी असली तरी अर्ज आधी माझ्याकडंच येतो. त्यामुळं झालं असं की प्रत्येक माणूस माझ्याच हातून बाईंकडं जायला लागला. "नक्कल कुठं मिळंल?" "त्या खिडकीत." दिवसभर हेच. पिंगळीला दिलेली एक लेक माहेरच्या जमिनीचा कागद न्यायला आली होती. जाताना मुद्दाम माझ्या टेबलाशी थांबली. "झालं की हो भाऊसाहेब लगेच! मागं आले तर दोन चकरा झाल्या होत्या." तिला माहीत नव्हतं की त्या दोन चकरा मीच मारायला लावल्या होत्या. मी पुढचा अर्ज ओढला.

आणि एक दिवस वर न बघता शिक्का मारत होतो, तर समोर जो हात आला तो ओळखीचा होता. वर बघितलं. बायको. तिच्या माहेरच्या वाटणीचं बोलणं चाललं होतं आणि त्यासाठी तिला तिच्या वडिलांच्या जमिनीचा जुना फेरफार हवा होता. तिचं माहेर आमच्याच तालुक्यात.

"घरी बोलायचं की," मी दबक्या आवाजात म्हणालो, "मी आणून दिला असता."

"तुमच्यापुढं त्या खोलीचं नाव काढायची सोय हाय का?" ती म्हणाली. "शिक्का मारा. मागं लोक थांबलेत."

मी शिक्का मारला. ती खिडकीकडं गेली, खुर्चीवर बसली. मी मान वाकडी करून बघत राहिलो. थोड्या वेळानं बाई आपल्या जागेवरून उठून बाहेर आल्या आणि तिच्याशी उभ्यानं बोलत राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. बायको माझ्या टेबलावरून न थांबता निघून गेली, कागद पिशवीत जपून ठेवत.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "लय गुणाची बाई हाय."

मी ताट पुढं ओढलं.

"मी तुमचं नाव सांगितलं न्हाई. अर्जावरचं आडनाव वाचून त्यांनीच वळखलं. उठून भायेर आल्या. म्हणल्या, भाऊसाहेबांनी हे सगळं वाळवीपासून, पाण्यापासून वाचवलं म्हणून तुमच्या वडलांचा कागद आज हाताला लागला. मी नुसतं मांडून ठिवलंय." भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडं वळली. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. "मला काय म्हाईत हो, तुमी एवढं मोठं काम करायलात ते. मी आपली शर्टाच्या वासावरून बोलत राहिले."

हे ऐकायला मी सगळी नोकरी खर्ची घातली होती. कचेरीत नाही, मांडवात नाही, इथं, या चुलीपुढं ऐकायचं होतं. ते मला मिळालं, आणि तेही बाईंच्या खिडकीतून. ताट पुढं होतं, भाकरी पानात पडली होती. मी ती मोडली आणि नुसतेच तुकडे करत राहिलो.