बाणमामाचं चुंबक

बाणमामा दुकानाची पायरी चढले की आधी चुंबक, रामराम मागून. लाउडस्पीकरच्या भंगारातून काढलेली ती काळी चकती त्यांनी दोऱ्यात ओवून ताईतासारखी गळ्यात घातलेली असायची. काउंटरवर जे दिसेल त्याला ती लावायची. मी पाण्याचा पितळी गिलास पुढे केला तर त्यालासुद्धा. गिलास चुंबकाला चिकटला नाही, की मग घोटभर पाणी पिऊन म्हणायचे, "हां, आता सांग. कसा हायेस?"

मामा पवनीकडचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे आकाशात सोडायचे बाण ते बनवायचे. गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर त्यांची कामाची झोपडी होती, सगळी बांबूची, वर कवेलूंचं छप्पर. आत एक खिळा नव्हता. सरकारी परवान्याची फ्रेमसुद्धा तांब्याच्या तारेने टांगलेली. बाणाच्या नळीत दारूचा मसाला दाबून भरायची जी पितळी दांडी लागते तिला मामा ठासणी म्हणायचे, आणि ती भंडाऱ्याला माझ्या दुकानातल्या खरादावर, म्हणजे लेथवर, बनायची. एवढाच आमचा संबंध. पण पंधराएक वर्षं तो असा टिकला की माझ्या सख्ख्या मामांना त्याचा हेवा वाटावा.

धातूंबद्दल त्यांची मतं नातेवाइकांबद्दल असावीत तशी पक्की होती. "तांबं गरीब हाये, लवकर वाकते. कासं नखऱ्याचं, पडलं का फुटलं. जर्मन हलकं, झिजून जाते." ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. "अन् लोखंड?" मी मुद्दाम विचारायचो. "लोखंडाचं नावच नोको घेऊ. ते ठिणगी देते. दिसाले सालस, पण कधी डाव साधंल त्याचा नेम नाई." स्टीलवर तर त्यांचा विशेष राग. काही स्टील चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्याला ते बहुरूपी म्हणायचे आणि आवाजावरून ओळखायचे.

एका लग्नात त्यांनी कमालच केली. वरपक्षाने आणलेली पितळी समई मांडवात सगळे कौतुकाने बघत होते. मामांनी जाऊन चुंबक लावलं, ते टक्कन चिकटलं. आत लोखंड, वरून नुसतं पितळेचं पाणी! "बाप्पा, हे त लोखंड हाये!" असं ते भर मांडवात ओरडले. नवरदेवाचे वडील जे तापले, ते जेवणाच्या पंगतीपर्यंत थंड झाले नाहीत. मामींनी मामांना हात धरून बाहेर नेलं. "खोटं बोललो का मी?" हे ते बाहेरूनही विचारत होते.

मामांची एकच लोखंडी वस्तू होती, अडकित्ता. सुपारीशिवाय त्यांचं पान हलत नसे. एकदा मी म्हटलं, "मामा, पितळेचा अडकित्ता करून देऊ?" तर हसले. "पितळेची धार सुपारीपुढं टिकते का बे? सुपारीले लोखंड, बाणाले पितळ. ज्याचं काम त्यालेच." हा अडकित्ता कमरेला खोचलेला असायचा. झोपडीत शिरण्याआधी ते चपला काढायचे, अडकित्ता बाहेरच्या दगडावर ठेवायचे, आणि तरी चुंबक स्वतःच्या अंगावरून फिरवायचे. कंबर, खिसे, बंडीची बटणं, सगळं. मी एकदा पाहायला गेलो तर माझ्याही अंगावरून फिरवलं. पॅन्टच्या हुकाला ते चिकटलं, म्हणून मी दारातूनच परत.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या एका साली कामाची घाई होती. ठासणीचे दोन तुकडे जोडायला मी आत लोखंडी पिन घातली आणि वरून असं पॉलिश केलं की ब्रह्मदेवालाही सांधा सापडू नये. मामा नव्हते, निरोप्याच्या हाती पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा स्वतः हजर. ठासणी काउंटरवर ठेवली, मधोमध चुंबक लावलं. मी मान खाली घातली. वाटलं, आता आईबापाचा उद्धार होणार.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "माहा लहान भाऊ होता. लोखंडी गजानं ठासत होता. मी म्हनलं, नोको. तो म्हने, काई होत नाई. दोन नळ्या भरल्या, तिसरी नाई भरली." मग ठासणी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "दुसरी बनवून दे. मी बसून आहो."

त्या दिवसापासून माझ्या दुकानात चुंबकाशिवाय एक दांडी खरादावर चढली नाही. म्हणजे, शेवटची एक सोडून.

गेल्या मंडईआधी मामा आले तेव्हा हात थरथरत होते, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, बंद करा आता." म्हणाले, "एवढी मंडई होऊ दे." नवी ठासणी दिली. त्यांनी ती हातात तोलली आणि पिशवीत टाकली. मी बघतच राहिलो. "काहून मामा, चुंबक नाई लावत?" त्यांनी गळ्यातला दोरा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "आता तुह्यावर भरोसा हाये. हे तुह्यापाशीच राहू दे. लावत जाजो."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. मामा एसटीत बसून गेल्यावर आठवलं, नव्या व्यापाऱ्याकडून आलेल्या त्या दांडीला मी चुंबक लावलंच नव्हतं.

उद्या फोन करू म्हटलं. केला नाही. पाचव्या दिवशी पवनीहून फोन आला, झोपडी जळाली, मामा गेले.

मामा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी बोडीवर गेलो. खिशात चुंबक. लोक म्हणत होते, ऊन लागलं असेल मसाल्याला, कोणी म्हणत होतं, वेळ आली होती. मी राखेत गुडघे टेकून माझी ठासणी शोधत होतो. सापडली. सदऱ्याच्या टोकाने तिच्यावरची राख पुसली, चुंबक काढलं. लावलं. चिकटलं नाही. अस्सल पितळ. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मामांच्या राखेत बसून सुटल्यासारखं वाटतं याची इतकी लाज वाटली की तिथेच रडू फुटलं.

उठताना चुंबक राखेजवळून गेलं आणि टक्कन काहीतरी उडून चिकटलं. झटकून पाहिलं. अडकित्ता होता.

मामी बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चुंबक तुमच्यापाशी देल्लं, तवापासून हातानंच अंग चाचपून अंदर जात. हातात त जीव नव्हता. मी म्हनलं, वापस आना ते. त म्हनत, देल्लेलं वापस मांगत असतात का?" मग डोळे पुसून विचारलं, "राखेत काई भेटलं का? त्याहीचा अडकित्ता घरात दिसूनच नाई राहिला. आठवन म्हनून ठेवला असता."

"नाई मामी," मी म्हटलं. "सारं पितळच हाये."

भंडाऱ्यापर्यंत एसटीत माझा हात खिशातच होता. चुंबक आणि अडकित्ता एकमेकांना घट्ट धरून बसले होते, आणि त्यांना वेगळं करायला मी आजवर धजलो नाही.