मिरचीतला पिवळा रंग

मिरची लाल असते आणि व्यापारी चोर असतो, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पत्रकं लिहायला तेवढ्यावर भागायचं.

आमच्या गल्लीतली एक बाई चांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या मिरच्या कांडून द्यायची. त्याच्या तिखटानं भाजीवर गुलाबी तवंग येतो, अशी गिऱ्हाइकांनी ओरड केली, तर हा भर बाजारात म्हणाला, "रंग हिनंच मिसळला!" झालं. बाईला कुणी उखळाला हात लावू देईना. मी व्यापाऱ्याविरुद्ध पत्रकच काढायला निघालो. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रानं अडवलं. "अबे, आधी पाहू तर दे. मंग बोंबल."

त्यानं काचेच्या लांब नळीत कापसाचा बोळा बसवून वर खडूची पूड ठोकून भरली. पेट्रोलमध्ये हलवून काढलेला मिरचीचा रंग वरून ओतला आणि मग नुसतं पेट्रोल, थेंब थेंब. "बिडी फेक आधी!" तो माझ्यावर खेकसला.

लाल डाग सुटू लागला. लालाखाली नारिंगी, त्याखाली पिवळा, लुगड्याच्या काठासारखे पट्टे वेगवेगळे झाले.

"रंग! पकडला!"

"तुह्याच घरची मिरची आहे ते. परसातली, हातानं चुरलेली."

लालाच्या आत हा पिवळा कधीपासून बसला होता? "खडूले चिकटते तो मागं राह्यते, पेट्रोलसंगं पळते तो पुढं जाते," मित्र म्हणाला. रागावायचं सोडून मी नळीला नाक लावून बसलो.

मग त्या व्यापाऱ्याच्या मिरच्यांचं बाईच्या घरी उरलेलं तिखट दुसऱ्या नळीत घातलं. पट्टे नाहीतच. वरपासून खालपर्यंत नुसता लाल ओघळ. मित्राचा चेहरा उतरला. दारात बसलेल्या बाईनं विचारलं, "म्हंजे मीच चोर का जी?"

मी चिमूटभर तिखट बोटांत चोळलं, तर बोटं चकाकली. "बाई, कांडताना तेल लावलं होतं?"

"लावनार नाई त काय? बिनतेलाचं कांडलं त डोळे फुटन ना भाऊ!"

माझी आईही तेलाचा हात फिरवल्याशिवाय मिरचीला मुसळ लावत नसे, आणि आम्ही दोघं शहाणे ते विसरलो होतो. तेलानं सगळे रंग एकत्रच खाली ओढून नेले होते. मित्रानं कॉस्टिक सोडा घालून त्या तेलाचा साबण केला, तो धुऊन काढला आणि रंग पुन्हा नळीत सोडला. हळूहळू तेच पट्टे उमटले. घरच्या मिरचीचे होते तेच. मग व्यापाऱ्याच्या दुकानातून आणलेली तिखटाची पुडीही तशीच धुऊन घातली. तिच्यात ते सगळे पट्टे होते, आणि मधे एक जास्तीचा, भडक गुलाबी.

बाजाराच्या दिवशी बाई दोन्ही नळ्या हातात धरून दुकानासमोर उभी राहिली. "हे माह्यं, हे याचं. हा गुलाबी कोन्या झाडाले लागते, विचारा याले!"

"काचेत काय दिसते कोणाले?" व्यापारी म्हणाला.

बायांना दिसत होतं. एकीनं नळी उन्हात धरली, दुसरी पुडी परत करायला वळली. "बाई, उद्या येजा आमच्याकडं कांडाले," तिसरी म्हणाली.

"येतो. पन तेल लावीन हां, आधीच सांगतो."

पत्रकं माझ्या काखेतच होती. एकीला देऊ केलं, तर तिनं ते न बघताच विचारलं, "हे राहू दे भाऊ. मिरचीत पिवळा कुठून आला, ते सांग."